पाचवीचा कागद

लेकीला सातवा महिना लागला आणि मी जुनी पातळे काढून बसले. पहिले बाळंतपण माहेरी करायचे हे दोन्ही घरांनी आधीच ठरवले होते. बाळाच्या अंगाला पहिल्यांदा जुनेर लागावे आणि नवे कापड बारशालाच घालावे, ही आमच्या घरची रीत आहे. या रीतीत मला शहाणपण दिसते, कारण वीस-तीस वर्षे धुतलेल्या सुती पातळाइतके मऊ कापड कोणत्याही दुकानात मिळत नाही. माझ्या दोन्ही मुलांची दुपटी, कुंच्या आणि झबली मी एका पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती. ती पेटी ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गेली. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेले होते. आमचे घर गावभागात आहे. आम्ही विश्रामबागेत नणंदेकडे राहिलो आणि पाणी ओसरल्यावर परत येऊन पेटी उघडली, तेव्हा आत कापड उरले नव्हते, गाळाचा एक जड गोळा होता. माळ्यावर दोरीने बांधून ठेवलेला सागवानी पाळणा तेवढा वाचला.

म्हणून या खेपेला सगळे नव्याने शिवायचे होते. सासूबाईंची दोन इरकली लुगडी, माझ्या आईचे एक निळे नऊवारी आणि माझी चार सहावारी पातळे, एवढा ऐवज निघाला. दुपट्याला तीन पदर घेते मी. दोन पदरांचे दुपटे लगेच गार होते आणि चार पदरांचे पावसाळ्यात वाळत नाही. बाळाच्या अंगाकडे सर्वांत जुना पदर यायला हवा, शिवण पाठीकडे जायला हवी आणि धावदोऱ्याचा टाका इतका लहान असावा की नखात अडकू नये. सासूबाईंच्या एका लुगड्याला, निऱ्यांच्या जागी, चुलीतल्या ठिणगीने पडलेले मसुराएवढे भोक होते. ते कापून टाकणे सोपे होते, परंतु माझ्याने कात्री चालवली नाही. त्या चुलीवर त्यांनी नऊ माणसांचा स्वयंपाक तीस वर्षे केला होता. ते भोक मी मधल्या पदरात घेतले आणि त्याच्याभोवती गोल टाके घालून वर शिवण टाकली. दोन महिन्यांत अकरा दुपटी, सहा कुंच्या आणि लंगोटांचा एक गठ्ठा तयार झाला. ज्येष्ठातली उन्हे संपायच्या आत सगळे उकळत्या पाण्यातून काढून गच्चीवर कडकडीत वाळवून घेतले.

सामानाची यादी घेऊन गणपती पेठेत गेले तो दिवसही आनंदाचा होता. डिंक, खारीक, गोडंबी, खसखस, सुंठ, पिंपळमूळ, अळीव, बाळंतशोप, ओवा आणि वेखंड हे सगळे एका दुकानातून मिळाले आणि बेदाणे माहेरून, तासगाव तालुक्यातून, भावाने पाठवले. डिंक तुपात फुलवताना आच मंद ठेवावी लागते, नाहीतर खडा वरून फुलतो आणि आतून दाताला चिकटतो; पहिल्या घाण्याच्या वेळी माझेही तसेच झाले आणि तो घाणा बाजूला ठेवावा लागला. बाळंतिणीच्या खाण्याबद्दल डॉक्टरांची काही हरकत नव्हती. अळिवात लोह असते, त्याच्या खिरीसोबत जेवणात लिंबू असावे म्हणजे ते अंगी लागते, एवढे त्यांनी सांगितले.

त्यांची हरकत दुसऱ्याच गोष्टींना होती. नववा महिना लागल्यावर तपासणीला गेलो, तेव्हा मी त्यांना सरळ विचारले की, आजी म्हणून मी काय काय करू? डॉक्टर मॅडमनी खुर्ची पुढे ओढून मला अर्धा तास समजावून सांगितले, आणि त्यातले बहुतेक काय करू नये याबद्दल होते. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही द्यायचे नाही. पाणी, साखरपाणी, मध, गुटी यांतले काहीच नाही. मधात कधीकधी असे जंतुबीज असते की ते मोठ्या माणसाला बाधत नाही, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात वाढून त्याला लुळे पाडू शकते. डोळ्यांत काजळ घालायचे नाही, कारण त्यात शिसे असू शकते आणि बोटाने डोळ्याला जंतू लागतात. खोलीत शेगडी ठेवून ओवा-वेखंडाची धुरी द्यायची नाही, कारण कोवळ्या फुप्फुसांना तो धूर सोसत नाही. नाळेला तेल, राख, हळद यांपैकी काही लावायचे नाही. ती कोरडी ठेवायची, म्हणजे आपोआप पडते.

नाळेला हळद लावायची नाही, हे मला फार लागले. सांगलीची हळद देशभर जाते, तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि हळदीच्या पेवांचे हरिपूर येथून हाकेच्या अंतरावर आहे. या गावात जन्मलेल्या बाळाच्या नाळेला हळदीचे बोट लावायचे नाही, हे मनाला पटायला वेळ लागला. परंतु मी चौतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले आहे. आपल्याला जे ठाऊक नाही ते ठाऊक असणाऱ्याचे ऐकावे, हे मुलांना सांगत आले असताना स्वतःपुरते त्याला मी अपवाद करू शकत नव्हते.

गुटीची सहाण मात्र धुऊन आत ठेवताना हात जड झाला. ती सहाण माझ्या आजीची आहे. हिरडा, बेहडा, मुरडशेंग, अतिविष, जायफळ, हळकुंड एकेक करून आईच्या दुधात उगाळायचे, कोणाचे दोन वेढे, कोणाचे चार, हे बाळाच्या पोटाच्या मानाने ठरवायचे. अशा वेढ्यांनी त्या दगडाच्या मधोमध अंगठ्याएवढी खळी पडली आहे. माझी दोन्ही मुले त्या खळीतली गुटी चाटून वाढली, आणि आमच्या आज्यांचे सगळेच चुकले असे मी आजही म्हणणार नाही. त्यांच्या काळी दवाखाना दहा कोसांवर होता आणि हाताशी जे होते त्यातून त्यांनी पोरे वाचवली. सहाण मी जुनेराच्या एका तुकड्यात गुंडाळून देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवली.

एका बाबतीत डॉक्टरांचे सांगणे ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आले. बाळंतिणीने भरपूर पाणी प्यावे, तहान लागेल तेव्हा प्यावे, असे त्या म्हणाल्या. माझे पहिले बाळंतपण १९९१ मध्ये माहेरी झाले, तेव्हा दहा दिवस मला पाणी मोजून मिळाले. गार पाण्याने पोट सुटते आणि बाळाला सर्दी होते, असा समज होता. वैशाखाचे दिवस होते आणि बाजेखाली शेक होता. एकदा पहाटे मी तोंड धुण्याच्या तांब्यातले पाणी चोरून प्याले होते. माझ्या आईने माझ्यावर माया कमी केली नाही, पण ती तहान मी विसरलेले नाही. लेकीच्या उशाशी मी पहिल्या दिवसापासून पाण्याने भरलेला तांब्या ठेवला आणि तो रिकामा झाला की स्वतः उठून भरला.

आषाढातल्या एका पहाटे मुलगी झाली. वजन २ किलो ७०० ग्रॅम भरले. डाव्या दंडावर बीसीजीची लस, तोंडात पोलिओचे थेंब आणि मांडीवर काविळीच्या ‘ब’ प्रकाराची लस हे दवाखान्यातच झाले, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही घरी आलो. दारात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातले आणि लेकीला मधल्या खोलीत नेले. ती खोली मी आठ दिवस आधी तयार केली होती. बाहेर पावसाची झड लागली होती, नदीवरून वारा येत होता, म्हणून खिडक्या लावून त्यांवर जाड चादरी टांगल्या होत्या आणि कोपऱ्यात पिवळ्या उजेडाचा लहान दिवा ठेवला होता. बाळंतिणीची खोली उबदार आणि अंधारी असावी हे मी लहानपणापासून पाहत आले होते. डॉक्टरांना मी काजळाचे विचारले होते, धुरीचे विचारले होते, खिडकीचे विचारायचे मला सुचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताई आली. दवाखान्यात बाळंतपण झाले तरी ती सहा वेळा घरी येते. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवून बालमृत्यू कमी करून दाखवले, त्यातूनच पुढे देशभरासाठी ही घरभेटीची पद्धत ठरली, हे मी वाचले होते. वाचलेली गोष्ट आपल्याच उंबऱ्यावर छत्री मिटत उभी राहते, तेव्हा तिची किंमत कळते. तिने हात साबणाने धुतले, बाळाचे वजन केले, ताप पाहिला आणि मग म्हणाली, “आजी, ती चादर जरा बाजूला करा, मला उजेडात बघायचंय.”

मी चादर काढली आणि खिडकीची एक फळी उघडली. पावसाचा करडा उजेड आत आला. आशाताईने बाळाला खिडकीशी धरून नाकाच्या शेंड्यावर बोटाचे टोक टेकवले, हलकेच दाबले आणि उचलले. जिथे बोट होते तिथली कातडी क्षणभर पांढरी दिसायला हवी होती. ती लिंबाच्या सालीसारखी पिवळी दिसली. मग तिने छातीवर तसेच केले, पोटावर केले, मांडीवर केले. गुडघ्यापर्यंत पिवळेपण होते. मी ते पाहिले आणि माझ्या पायांतले बळ गेले. रात्रभर मी त्या बाळाजवळ बसले होते, पण त्या दिव्याच्या उजेडात आम्ही सगळीच पिवळी दिसत होतो. शिवाय बाळ फार शांत झोपते, दोन-दोन हाका मारूनही दुधाला उठत नाही, याचे मी कौतुक केले होते. आशाताईने तेच आधी विचारले, “रात्री किती वेळा पाजलं?” लेक म्हणाली, तीनदा. आशाताईने मला दोष दिला नाही. “आत्ताच दवाखान्यात चला, रिक्षा मी बोलावते,” एवढेच ती म्हणाली.

रक्त तपासले तेव्हा कावीळ सतराच्या वर निघाली. लेकीचा रक्तगट ओ आहे आणि बाळाचा बी. अशा जोडीत कधीकधी बाळाच्या रक्तपेशी लवकर फुटतात आणि कावीळ चढते, असे डॉक्टरांनी सांगितले. नवजात बाळांत थोडी कावीळ पुष्कळांना होते आणि आपोआप उतरते, परंतु ती फार चढली तर मेंदूला इजा करते, म्हणून वाट पाहायची नाही. बाळाला फक्त लंगोट ठेवून, डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्यांखाली ठेवले. तो उजेड कातडीतल्या पिवळ्या द्रव्याचे रूप असे बदलतो की ते शरीराबाहेर टाकता येते, आणि ते शी-शूतून जायचे तर पोटात दूध जायला हवे. म्हणून दर दोन तासांनी उठवून पाजायचे, आणि किती वाजता, किती वेळ पाजले आणि लंगोट किती वेळा भिजला हे लिहून ठेवायचे, अशी सूचना मिळाली.

माझ्या पिशवीत कागद होता. पाचवीच्या पूजेसाठी मी एक कोरा, रेघा नसलेला कागद आणि नवी पेन्सिल आणून ठेवली होती, आणि घाईत ती पिशवी तशीच उचलून आणली होती. पाचव्या रात्री पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा करायची, पुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, रात्रभर दिवा विझू द्यायचा नाही. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे पुढचे आयुष्य लिहून जाते, अशी आपली श्रद्धा आहे. माझ्या दोन्ही मुलांच्या पाचवीला मी जागी होते. या बाळाची पाचवी दवाखान्यातल्या खाटेवर आली. लेकीने माझ्याकडे पाहिले, मी तिच्याकडे पाहिले आणि कागद तिच्या हातात दिला. तिने वर तारीख घातली आणि खाली लिहायला सुरुवात केली, ‘रात्री ८.१०, पंधरा मिनिटे. लंगोट ओला.’

ते दोन दिवस आणि दोन रात्री मी आयुष्यात विसरणार नाही. सुस्त बाळाला जागे करणे हे कष्टाचे काम आहे. तळपायाला टिचकी मारायची, कानाची पाळी हलकेच चोळायची, ओले बोट गालावरून फिरवायचे आणि एकदा तोंड लागले की ते सुटू नये म्हणून हनुवटीखाली बोट धरून बसायचे. पहिल्या रात्री एकेका वेळेला पाऊण तास लागत होता. दुसऱ्या रात्री, पाचवीच्या रात्री, अडीच वाजता ती आपणहून रडली. तो आवाज ऐकून लेक हसली आणि रडलीही. पेन्सिल तिच्या हातातून पडली, म्हणून त्या ओळीपुढचे अक्षर माझे आहे.

सहाव्या दिवशी कावीळ अकरावर आली आणि आम्हाला घरी सोडले. घरी आल्याबरोबर मी चादरी काढल्या. वारा लागू नये म्हणून बाळाची बाज भिंतीकडे सरकवली, परंतु दिवसा खिडकी उघडी राहील हे ठरवून टाकले. त्या रात्री सटी होती. पाटा-वरवंटा मांडला, हळदकुंकू वाहिले, दिवा लावला. पुढे ठेवायला घरात दुसरा कोरा कागद होता, तरी मी तोच लिहिलेला कागद ठेवला. यात कोणाच्या श्रद्धेचा अधिक्षेप झाला असे मला वाटत नाही. रीत बसवणाऱ्या बायकांनी पाचव्या रात्री बाळापाशी जागे राहायला सांगितले होते, आणि आम्ही जागलो होतो.

नाळ आठव्या दिवशी पडली, काही न लावता, कोरडी. त्यानंतर मी बाळाला पहिल्यांदा पायांवर घेऊन न्हाऊ घातले. खाली बसून पाय लांब करायचे, नडग्यांच्या खोबणीत बाळाला पालथे घ्यायचे, डाव्या हाताने छाती धरून उजव्या हाताने पाणी घालायचे. तीस वर्षांत केले नव्हते तरी हातांना सगळे आठवत होते. कानांत आणि नाकात तेल सोडायचे नाही एवढे लक्षात ठेवले.

बारशाच्या दिवशी कऱ्हाडहून विहीणबाई, जावई आणि जावयांची बहीण सकाळच्या एसटीने आले. सुवेर फिटल्यावर विहीणबाई नातीला प्रथमच नीट मांडीवर घेत होत्या. त्यांनी पिशवीतून चांदीची काजळाची डबी काढली. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचे ताम्हन धरून त्यांनी स्वतः काजळ पाडले होते, त्यात घरचे तूप घातले होते. मला काय बोलावे ते कळेना. मी त्यांना बाळाच्या खोलीत नेले, दार लोटले आणि नाळेच्या हळदीपासून खिडकीपर्यंतचे सगळे सांगितले, माझी चूक आधी सांगितली. त्या पुष्कळ वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “ताई, दृष्ट काही डोळ्यांनाच लागते असं नाही,” आणि त्यांनी काजळाचे बोट बाळाच्या उजव्या तळपायाला लावले. डबी त्यांनी बाळाच्या वाट्याला ठेवली. मी त्यांचे हात हातात घेतले.

पाळण्याला झेंडूच्या माळा आणि निळ्या नऊवारीच्या काठाची झालर लावली होती. आधी वरवंट्याला कुंची घालून त्याला पाळण्यात निजवले, मग कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या म्हणत बाळाला पाळण्याच्या खालून-वरून द्यायचे होते. या देण्याघेण्याला दोघी बायका लागतात. एका बाजूला विहीणबाई उभ्या राहिल्या. दुसऱ्या बाजूला मी आशाताईला बोलावले. तिला आमंत्रण होतेच, पण ती दारापाशी बसून होती आणि “आजी, घरच्या बायका आहेत की,” म्हणून संकोचत होती. मी म्हटले, “बाई गं, तू नसतीस तर आज हा पाळणा कोणासाठी बांधला असता?” ती उठली, हात धुऊन आली आणि तिने बाळ घेतले. मग आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितले, कुर्र केले आणि सगळ्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. गव्हाच्या आणि हरभऱ्याच्या घुगऱ्या वाटल्या. पहिली ओटी मी आशाताईची भरली. जावई दुपारी महापालिकेत जाऊन जन्माची नोंद पाहून आले. दवाखान्याने ती २१ दिवसांच्या आत करायची असते आणि ती झाली होती, आता दाखल्यावर नाव चढवायचे तेवढे राहिले होते.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी नवी पत्र्याची पेटी उघडली. वरवंट्याची कुंची, झालरीचा तुकडा, काजळाची डबी आणि पडलेली नाळ एका पुडीत बांधून आत ठेवली. लेक बाळाला पाजत बसली होती. ती म्हणाली, “आई, ही पेटी खाली नको ठेवूस, माळ्यावर ठेव.” मी हो म्हटले आणि सर्वांत वर तो कागद ठेवला. दोन्ही बाजूंनी भरलेला आहे तो. एका कोपऱ्यावर दुधाचा डाग आहे, एके ठिकाणी पेन्सिलीचे टोक तुटल्याची रेघ आहे. शेवटची नोंद पहाटे ५.४० ची, वीस मिनिटांची आहे. त्यापुढे लेकीने काही लिहिलेले नाही, कारण सकाळच्या फेरीला डॉक्टर आल्या आणि त्यांनी निळा दिवा बंद करायला सांगितला.